सेकंडहँड होंडा सिटी चालता चालता बंद पडते, थंड झाली की परत चालू: पंप, रिकॉल आणि बाकीचे संशयित

लक्षण आधी नीट सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला चालू होते. कापूरबावडीपर्यंत काही तक्रार नाही. दुपारच्या उन्हात घोडबंदर रोडवर, पातलीपाड्याच्या आसपास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत असताना पिकअप गेल्यासारखा वाटतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी काटा चढत नाही, आणि इंजिन गप्प. सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी पकडत नाही. बाजूला घेऊन अर्धा-पाऊण तास उभी केली की मुकाट चालू होते आणि घरी पोचवते. गॅरेजमध्ये नेईपर्यंत ती थंड झालेली असते, त्यामुळे तिथे कधीच बंद पडत नाही. मेस्त्री बोनेट उघडतो, रेस करून बघतो आणि म्हणतो, "काका, गाडी एकदम ओके आहे."

त्यानंतरच्या खर्चाचा क्रम आपल्याकडे जवळपास ठरलेला आहे. आधी बॅटरी बदलली जाते, मग प्लग, मग थ्रॉटल बॉडीची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागाची) सफाई, मग 'पेट्रोलमध्ये पाणी असेल' म्हणून कुणीतरी टाकी रिकामी करायला लावतं. प्रत्येक वेळी गाडी आठवडाभर बरी चालते, कारण त्या आठवड्यात ढगाळ हवा असते किंवा टाकी नुकतीच भरलेली असते, आणि दुखणं सापडलं असं सगळ्यांना वाटतं.

हे मुख्यतः चौथ्या पिढीच्या पेट्रोल सिटीबद्दल लिहितोय. जानेवारी २०१४ मध्ये आलेली, फेब्रुवारी २०१७ मध्ये चेहरा बदललेली, १.५ लिटर आय-व्हीटेक इंजिनाची. पाचवी पिढी जुलै २०२० मध्ये आली तरी ही काही काळ शेजारीच विकली जात होती. एमएच-०४ (ठाणे) आणि एमएच-४३ (नवी मुंबई) च्या सेकंडहँड बाजारात या गाडीला मागणी चांगली आहे, आणि ती उगाच नाही. इंजिन दणकट आहे, मागची सीट ऐसपैस आहे. माझा रोख इंजिनावर नाही, टाकीच्या आत बसलेल्या पंपावर आहे.

पंप का अडकतो

पेट्रोल गाडीचा फ्युएल पंप टाकीत पेट्रोलात बुडालेला असतो. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि वंगणही देतं. पंपाच्या आत प्लास्टिकचं चपटं चाक असतं, त्याला इंपेलर म्हणतात. ते प्रचंड वेगाने फिरून पेट्रोल इंजिनाकडे ढकलतं. चाक आणि बाहेरचं कवच यांच्यात फट अगदी नावापुरती असते, कारण दाब तयार व्हायला तसंच लागतं. या चाकाचं प्लास्टिक कमी घनतेचं निघालं तर ते हळूहळू पेट्रोल शोषून फुगतं. मग पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकावं तसं ते कवचाला घासायला लागतं. मोटरवर भार येतो, ती तापते, आणि एक दिवस पंप थांबतो. थंड झाल्यावर बऱ्याचदा तो पुन्हा सुटतो, म्हणून 'अर्ध्या तासाने आपोआप चालू' हा प्रकार.

हे दुखणं एका कंपनीपुरतं नाही. डेन्सो या जपानी कंपनीच्या पंपांवरून ते जगभर गाजलं. टोयोटाने जानेवारी २०२० मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ७ लाख गाड्या याच कारणाने मोफत दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, म्हणजे रिकॉल केल्या, आणि त्यानंतर बऱ्याच कंपन्यांची रांग लागली.

भारतात होंडाने जून २०२० मध्ये २०१८ साली बनलेल्या ६५,६५१ गाड्यांचा पंप मोफत बदलायला घेतला. त्यात सिटी १६,४३४ होत्या, अमेझ त्याच्या जवळपास दुप्पट. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी फेरी झाली: जानेवारी २०१९ ते सप्टेंबर २०२० या काळातल्या ७७,९५४ गाड्या, त्यात चौथ्या पिढीच्या सिटी २०,२४८. त्या वेळी कंपनीने इंपेलर सदोष असू शकतात आणि त्यामुळे काही काळाने इंजिन बंद पडू शकतं किंवा चालूच होणार नाही, असं स्पष्ट म्हटलं होतं. तिसरी फेरी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली आणि ५ नोव्हेंबरपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यात ९०,४६८ गाड्या होत्या आणि सगळ्यात मोठा वाटा सिटीचा, ३२,८७२.

तिसऱ्या फेरीत एक बारीक गोष्ट होती, जिच्याकडे बहुतेकांचं लक्ष गेलं नाही. त्या आकड्याखेरीज आणखी २,२०४ गाड्या होत्या, ज्यांना आधी कधीतरी सुटा भाग म्हणून हाच पंप बसवला गेला होता. याचा अर्थ तुमच्या गाडीचा मूळ पंप चांगला असला, तरी मधल्या काळात बदललेला पंप सदोष असू शकतो. 'आधीच्या मालकाने पंप बदललाय' हे वाक्य म्हणून मला कधीच दिलासा देत नाही. कधी बदलला आणि कुठून आणला, हा पुढचा प्रश्न विचारा. आणि कुर्ल्याच्या बाजारातून 'गाडीतून काढलेला, ओरिजिनल' पंप आणायचा विचार असेल तर तो सोडून द्या. भंगारात निघालेली ती गाडी रिकॉलच्या यादीत होती की नाही हे सांगणार कोण?

पत्र तुम्हाला का आलं नाही

कंपनी रिकॉल जाहीर करते तेव्हा तिच्या नोंदीतल्या मालकाला फोन, मेसेज किंवा पत्र जातं. नोंदीत असतो पहिला मालक. त्याने २०२१ मध्ये गाडी एक्स्चेंजला दिली, ती एका दलालाकडून दुसऱ्याकडे गेली आणि तुमच्याकडे आली. आरटीओत आरसी तुमच्या नावावर झाली, विमा तुमच्या नावावर झाला, पण कंपनीच्या संगणकात अजून त्याच जुन्या माणसाचा मोबाइल नंबर आहे. त्याला मेसेज येतो, 'आता आपली गाडी नाही' म्हणून तो पुसून टाकतो. बाहेरच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करणाऱ्याला तर ही बातमी कळायचा दुसरा रस्ताच उरत नाही. सेकंडहँड गाडीत रिकॉल राहून जातो तो बहुतेकदा असा.

रिकॉल गाडीवर असतो, मालकावर नाही. तुम्ही दुसरे असा की चौथे, फरक पडत नाही. आरसीवरचा १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर लागतो. होंडाच्या इथे बनलेल्या गाड्यांचा नंबर एमएके ने सुरू होतो, मारुतीचा एमए३ ने. हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल तपासायच्या पानावर टाका. मोबाइल अ‍ॅपवर काही आकडे झाकलेले दिसतात, म्हणून आरसीवरून किंवा गाडीवर कोरलेल्या नंबरावरून घ्या. दोन्ही नंबर जुळतात का हेही त्याच वेळी बघून घ्या, तो तपास वेगळाच कामाचा आहे. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. शून्याच्या जागी ओ टाकून 'रेकॉर्ड सापडत नाही' असं उत्तर घेऊन बसलेले लोक कमी नाहीत.

काउंटरवर हा संवाद हमखास होतो:

"सर, तुमच्या नावावर काही दाखवत नाही."

"नाव राहू द्या हो, चासी नंबर टाकून पेंडिंग कॅम्पेन बघा ना."

"थांबा... हां, एक ओपन आहे."

रिकॉलसाठी 'कॅम्पेन' हा शब्द वापरा. सर्व्हिसवाल्यांच्या स्क्रीनवर तोच असतो, आणि तो ऐकला की समोरचा माणूस जरा सरळ बसतो. त्याच खेपेला मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर बदलून घ्या, म्हणजे पुढचा मेसेज तरी तुम्हाला येईल. काम झालं की जॉब कार्डवर कॅम्पेनचा उल्लेख असलेली प्रत मागा. पुढे गाडी विकताना तो कागद उपयोगी पडतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची स्वेच्छेने रिकॉल करण्याची संहिता होती. १ एप्रिल २०२१ पासून केंद्राचे नियम लागू झाले. त्यात सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी सक्तीच्या रिकॉलची तरतूद आहे आणि वाहन पोर्टलवर मालकाला दोषाची तक्रार नोंदवता येते. सात वर्षं उलटली म्हणून कंपनीने आधीच जाहीर केलेला रिकॉल आपोआप रद्द होतो असा अर्थ काढू नका. यादीत नंबर असूनही कुणी पैसे मागितले, तर कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी ई-मेल करा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

नंबर यादीत नसेल तर

मग खरं निदान करावं लागतं. सगळं खापर रिकॉलवर फोडायची घाई करू नका, कारण 'चालता चालता बंद' ही तक्रार पाच-सहा वेगळ्या दुखण्यांची असते.

गाडी बंद पडली त्या क्षणी, सुरक्षित जागी घेतल्यावर, दोन गोष्टी बघा. पहिली: काचा वर, एसी-रेडिओ बंद, आणि इग्निशन चालू करा, सेल्फ मारू नका. बटणवाल्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दोनदा दाबायचं. टाकीकडून साधारण दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पंप दाब तयार करत असतो. बंद पडलेल्या अवस्थेत आवाज येत नाही आणि थंड झाल्यावर येतो, तर पंप, त्याचा रिले, फ्यूज किंवा वायरिंग यांच्या पलीकडे शोधायची गरज नाही. दुसरी: सेल्फ फिरवताना आरपीएमचा काटा बघा. तो किंचितही हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरवर, संशय घ्या. हा सेन्सरही गरम झाला की मरतो आणि थंड झाला की जिवंत होतो, त्यामुळे पंपाशी त्याची गल्लत सर्वांत जास्त होते. स्कॅनरवर पी०३३५ हा कोड आला तर बहुधा तोच किंवा त्याची वायर.

स्कॅनरबद्दल एक सावधगिरी. पंप घासायला लागला की बऱ्याचदा कोड येतच नाही, किंवा मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी असल्याचा पी०१७१ येतो आणि मेस्त्री ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळा होतो. 'कोड नाही म्हणजे दोष नाही' हे खरं मानू नका.

सिग्नलला उभं असताना, एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिन थरथरून बंद, आणि लगेच परत चालू होत असेल, तर थ्रॉटल बॉडीतला कार्बन बघा. ते स्वस्त काम आहे. चढावर झटके मारत असेल आणि चेक इंजिनचा दिवा मिचमिचत असेल तर इग्निशन कॉइल किंवा प्लग. मिचमिचणाऱ्या दिव्यासकट मुंब्रा बायपास चढत राहू नका, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो. सेल्फच फिरत नाही, नुसती टकटक होते, तर बॅटरी, टर्मिनल किंवा अल्टरनेटर, पंपाचा काही संबंध नाही. डॅशबोर्डवर हिरवी किल्ली मिचमिचत असेल तर किल्लीची चिप ओळखली जात नाहीये.

पंपाचाच संशय असेल तर गॅरेजमध्ये दोन चाचण्या मागा. फ्युएल रेलला गेज लावून दाब बघणे, आणि पंपाच्या वायरवर क्लॅम्प मीटर लावून तो किती अँपिअर खेचतो ते बघणे. घासणारा पंप जास्त करंट खेचतो, ते लपत नाही. पण दोन्ही गाडी तापलेली असताना, टाकी पावच्या खाली असताना, एसी लावून. सकाळी दहाला थंड गाडीवर घेतलेलं रीडिंग निरुपयोगी. वागळे इस्टेटला किंवा तुर्भ्याला जो फिटर गाडी तासभर चालू ठेवून तुमच्याबरोबर थांबायला तयार होतो, त्याला धरून ठेवा. टाकीच्या तळाला खालून हलकेच ठोकून गाडी चालू करणारे जुने मेस्त्रीही आहेत. ती युक्ती कधीकधी चालते आणि पंप अडकल्याचा चांगला पुरावाही असतो, पण रस्त्यावर गाडीखाली शिरून ती करायची नाही.

जॉब कार्डवर 'गाडी बंद पडते' एवढंच लिहू देऊ नका. 'गरम असताना चालता चालता बंद, सेल्फ फिरतो, अर्ध्या तासाने चालू' असं पूर्ण लिहायला लावा.

सीएनजी किट बसवलंय?

तर निदान सोपं आणि दुखणं वाईट. गाडी सीएनजीवर नीट पळते आणि पेट्रोलवरच मरते, तर इग्निशन आणि क्रँक सेन्सर जवळपास सुटले, राहिला पेट्रोलचा मार्ग.

ठाण्यात बाहेरून किट बसवलेल्या गाड्या ढिगाने आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची सवय एकच: पेट्रोल नावाला, काटा कायम रिझर्व्हच्या खाली. गाडी सकाळी पेट्रोलवर चालू होते आणि थोड्या वेळाने गॅसवर जाते. पण किट बसवताना पंपाला कट-ऑफ रिले दिला नसेल तर गॅसवर असतानाही पंप फिरतच राहतो, तोही जवळपास कोरड्या टाकीत. वंगण नाही, थंडावा नाही. असा पंप मेला तर तो रिकॉलचा दोष नव्हे, आणि कंपनी किट बघून हात वर करू शकते. निदान पाव टाकी पेट्रोल ठेवा. सीएनजी नसलेल्या गाडीलाही हे लागू आहे, विशेषतः एप्रिल-मे मध्ये.

इथेनॉलवर राग काढणाऱ्यांसाठी एक टीप. ई-२० पेट्रोलची सुरुवात फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे आलं. इंपेलरवरून गाड्या परत बोलावणं त्याच्या आधी सुरू झालं होतं. इथेनॉल पाणी धरतं हे खरं, महिनोनमहिने उभ्या गाडीच्या टाकीत त्याचा त्रास होऊ शकतो. पण २०१८ ची गाडी गरम होऊन बंद पडतेय, तर आधी चासी नंबर तपासा, सरकारी धोरणावर नंतर बोलू.

हीच कथा मारुती घेणाऱ्यांसाठीही आहे. जुलै २०२० मध्ये मारुतीने पंपासाठी १,३४,८८५ गाड्या बोलावल्या: ५६,६६३ वॅगन आर आणि ७८,२२२ बलेनो. मार्च २०२४ मध्ये पंपाच्या मोटरच्या भागासाठी पुन्हा १६,०४१. आणि सप्टेंबर २०२१ चा एक रिकॉल आपल्या भागासाठी फारच मोलाचा आहे. सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या पेट्रोल गाड्यांचं मोटर जनरेटर युनिट (इंजिनाला जोडलेली, बॅटरी चार्ज करणारी मोटर) तपासायचं होतं, एकूण १,८१,७५४ गाड्या. तपासणी होईपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असं कंपनीने सांगितलं होतं. जुलैत वंदना टॉकीजसमोरून जाणाऱ्याने ते कसं पाळायचं, हा प्रश्न वेगळा. या गाड्यांपैकी एखादी सेकंडहँड घेत असाल तर हे काम झालेलं असल्याचा कागद बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

चौथ्या पिढीहून जुनी सिटी असेल तर पंप सोडा, एअरबॅग बघा

कॉलेजात जाणाऱ्या मुलाला हात बसवायला म्हणून २०१२-१३ ची सिटी घेणारे बरेच आहेत. त्या गाड्यांमध्ये ताकाता कंपनीच्या एअरबॅग इन्फ्लेटरचा, म्हणजे बॅग फुगवणाऱ्या डब्याचा, प्रश्न आहे. आतल्या अमोनियम नायट्रेटवर वर्षानुवर्षं उष्णतेचा आणि दमटपणाचा परिणाम होतो, आणि अपघातात बॅग फुगताना धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे चालकाच्या तोंडावर, मानेवर येऊ शकतात. जगात यात माणसं गेली आहेत. खाडीच्या काठावर, उघड्यावर उभी राहणारी आपल्याकडची गाडी या बाबतीत अगदी चुकीच्या हवामानात आयुष्य काढते. होंडाने जानेवारी २०१७ मध्ये २०१२ साली बनलेल्या ४१,५८० गाड्या आणि जानेवारी २०१८ मध्ये २०१३ साली बनलेल्या २२,८३४ गाड्या यासाठी बोलावल्या. दुसऱ्या आकड्यात २२,०८४ एकट्या सिटी होत्या. याआधीच्या वर्षांच्या गाड्यांसाठीही वेगळे रिकॉल झाले आहेत.

पंप बिघडला तर गाडी निदान झटके देऊन इशारा देते, हे दुखणं काहीच सांगत नाही. माझ्या लेखी हा पंपापेक्षा मोठा रिकॉल आहे, आणि तपासायला तोच चासी नंबर, तीच दोन मिनिटं लागतात. जुन्या बाजारातून स्टिअरिंगसकट एअरबॅग आणून बसवायचं तर नावच काढू नका.

तोवर गाडी चालवणं भाग असेल तर

टाकी अर्ध्याच्या वर ठेवा. उड्डाणपुलावर, ऐरोली पुलावर किंवा खाडी पुलावर डाव्या लेनमधून चला. पिकअप गेल्याची पहिली चाहूल लागताच हॅझर्ड लावा, गाडी न्यूट्रलला टाका आणि आहे त्या वेगात कडेला घ्या. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होऊ शकतं, घाबरून सोडू नका. ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांपुरता शिल्लक असतो, तेव्हा पंप केल्यासारखा पुन्हा पुन्हा न दाबता एकदाच घट्ट दाबून धरा. आणि पुलावर बंद पडल्यावर बोनेट उघडून गाडीच्या पुढे उभे राहू नका. कठड्याच्या पलीकडे जागा असेल तर तिथे जा आणि टोवाल्याला फोन करा.

पंप बदलून आल्यावर पहिले दोन-तीन दिवस नाक उघडं ठेवा. टाकी पूर्ण भरल्यावर गाडीत किंवा मागच्या बाजूला पेट्रोलचा वास आला तर पंपाच्या तोंडाचं सील किंवा रिंग नीट बसलेली नाही. त्याच दिवशी परत न्या. ते दुरुस्त होईपर्यंत गाडी सोसायटीच्या बंद बेसमेंटमध्ये लावू नका.